तेहतीस माणसं आणि तुझा स्वेटर

२१ डिसेंबर, रविवार
दुपारी साडेतीन

तीर्थरूप मावशीस,
प्रभूच्या नावाने सलाम.

ऑगस्टनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची लाज वाटते. एवढं लिहून थांबलो, कारण लाज खरंच वाटते की पत्राला सुरुवात हवी म्हणून लिहिली, हे तपासायला हवं होतं. तपासलं. वाटते. दर रविवारी रोजनिशीत 'मावशीला पत्र' असं लिहितो आणि दर सोमवारी ते काम पुढच्या रविवारवर ढकलतो. असे सोळा रविवार झाले (मोजले). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद केल्यापासून तू माळ्यावर किती वेळा चढलीस हे विचारत नाही. तू खरं सांगणार नाहीस आणि त्याची टोचणी मला लागेल. इकडे सगळं ठीक. हिचा खोकला गेला. माझं पोट महिनाभर बिघडलेलं होतं, ते काल दुपारी चार वाजल्यापासून एकदम बरं आहे. का, तेच सांगायला बसलो आहे.

आमच्या मंडळीचं नाताळचं जेवण आणि भेटींची देवाणघेवाण दरवर्षी चर्चच्या हॉलमध्ये होते. यंदा पाण्याची नळी फुटली म्हणून हॉलची फरशी उखडलेली. कमिटीच्या बैठकीत 'मग कोणाच्या घरी?' असा प्रश्न निघाला आणि सगळे खिडकीबाहेर बघू लागले. मी चिटणीस असल्यामुळे बैठकीचा वृत्तांत लिहीत होतो. त्या ओळीपुढे कोणाचं तरी नाव लिहायला हवं होतं, म्हणून माझं लिहिलं. (यात औदार्य किती आणि रिकामी जागा न बघवणं किती, यावर रोजनिशीत दोन पानं आहेत. ती तुला वाचायला लावत नाही.) मी घरी आल्यावर ही म्हणाली, "आपल्यासकट तेहतीस माणसं. तीन खोल्यांत बाकीचे बसतील, पण मग आपण दोघांनी कुठं उभं राहायचं ते तुझ्या वृत्तांतात लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं.

तेहतिसावा माणूस कोण, हे आधी सांगायला हवं. ते आमचे ऑर्गनकाका. वीस वर्षं चर्चचा ऑर्गन त्यांनी वाजवला. चार वर्षांपूर्वी नाताळच्या सकाळी, भर गीतात, तिसऱ्या कडव्याला आमचे टेलरमामा (शर्ट-पँट शिवण्याचं दुकान आहे, आणि रविवारी गाणाऱ्यांचे पुढारी) मागे वळून म्हणाले, "जरा वेग उचला हो, मेंढपाळ घरी पोचून जेवले." ऑर्गनकाकांनी झाकण लावलं, चष्मा खिशात ठेवला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. तेव्हापासून आम्ही एका यंत्राबरोबर गातो. ते यंत्र प्रत्येक गीताची चार कडवी वाजवतं, गीताला तीन असली तरी, त्यामुळे दर रविवारी मंडळी एक कडवंभर नुसती उभी असते. यंदा पाळकसाहेब तीनदा ऑर्गनकाकांच्या घरी गेले. तिसऱ्या खेपेला काका म्हणाले, "जेवायला येईन. जमलं तर पुढचं बघू." म्हणजे ऑर्गन पुन्हा वाजणार की नाही हे आमच्या बैठकीच्या खोलीत ठरणार होतं. माझं पोट बिघडलं ते त्या दिवशी.

काल काय काय झालं ते सगळं लिहिलं तर तुला चष्म्याचा नंबर वाढवावा लागेल. खुर्च्या शिकवणीच्या वर्गातून आणल्या, त्यामुळे सगळ्यांना उजव्या हाताला लिहिण्याची फळी होती आणि लोक परीक्षेला बसल्यासारखे जेवत होते. (एक डावखुरी बाई शेवटपर्यंत शेजाऱ्याच्या ताटातलं खात होती, त्यानं तक्रार केली नाही.) जेवणाआधीच्या प्रार्थनेच्या वेळी पाळकसाहेब सापडेनात. ते बाथरूममध्ये होते आणि कडी अडकली होती. ही कडी मागच्या आठवड्यात मीच दुरुस्त केली होती. रस्सा निवू लागला. शेवटी आतूनच आवाज आला, "अन्न थंड करू नका, मी इथूनच करतो." मग आम्ही सगळे बाथरूमच्या दारासमोर माना खाली घालून उभे राहिलो आणि त्यांनी आतून आभार मानले. प्रार्थना छान झाली, थोडी घुमली. 'आमेन'नंतर टेलरमामांनी कात्रीच्या टोकानं बिजागरीचे स्क्रू काढले. (ते कात्री घेऊन जेवायला का येतात हे मी विचारलं नाही.)

ऑर्गनकाका वेळेवर आले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. टेलरमामा दुसऱ्या टोकाला, मध्ये सूपचं भांडं. दोघंही मिठाची बाटली तिसऱ्याच कोणाच्या हातात जाईपर्यंत थांबत होते.

आता माझी चूक. भेटींच्या चिठ्ठ्या मी करतो. पूर्वी हातानं ओढायचे, तेव्हा नवऱ्याला बायकोची चिठ्ठी यायची आणि कोणाला स्वतःचीच. मी ग्रंथालयात काम करतो, मला असलं सहन होत नाही. म्हणून मंडळीच्या नोंदवहीवरून यादी करतो, तीनदा पडताळतो, आणि प्रत्येकाला कोणाला भेट द्यायची त्याची बंद पाकिटातून चिठ्ठी देतो. यंदाही तीनदा पडताळली. बत्तीस माणसं, बत्तीस चिठ्ठ्या. रस्सा वाढताना मनाच्या समाधानासाठी झाडाखालची पुडकी मोजली, तेहतीस निघाली. माणसं तेहतीस, पुडकी तेहतीस. मी आनंदानं दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला. घास तोंडात असताना आठवलं की चिठ्ठ्या बत्तीसच होत्या.

मावशी, ऑर्गनकाकांचं नाव चार वर्षांपूर्वी 'नियमित'च्या पानावरून 'येत नाहीत'च्या पानावर मीच नेलं होतं. तांबड्या शाईनं, पट्टी लावून. यादी करताना ते पान उघडलंच नव्हतं. पाळक तीनदा ज्यांच्या दारात गेले, ज्यांच्यासाठी आम्ही चार वर्षं एक कडवं गप्प उभे राहिलो, त्यांना एकट्यालाच भेट नव्हती. बत्तीस लोकांनी कागद फाडायचे आणि त्यांनी फळीवर हात ठेवून बघत बसायचं. मग ते उठले असते, चष्मा खिशात ठेवला असता.

मी झाडाखाली रांगत गेलो. एका पुडक्यावर नावच नव्हतं. तुला सांगतो, देवदूत दिसल्यावर काय वाटत असेल ते मला कळलं. खिशातून पेन काढून त्यावर ऑर्गनकाकांचं नाव लिहायला घेतलं, तेवढ्यात हिनं मनगट धरलं. "ते त्यांनीच आणलंय. माझ्याच हातात दिलं. चिठ्ठी आली नाही म्हणून नाव टाकलं नाही, म्हणाले." आणखी दोन अक्षरं झाली असती तर मी त्या माणसाला त्याचीच भेट दिली असती.

आम्ही आतल्या खोलीत गेलो. बाहेर ताटं उचलायला सुरुवात झाली होती. घरात कोरं काय आहे? पुस्तकं आहेत, पण सगळ्यांवर माझ्या नावाचा आणि तारखेचा शिक्का. एक नवी चादर होती, ती हिच्या भावानं दिलेली, तो विषय तिनं डोळ्यांनीच मिटवला. आणि कपाटात वरच्या कप्प्यात, तू मंगळवारी पाठवलेला स्वेटर होता. राखाडी, गळ्याला निळी पट्टी. तुला पोच लिहिल्याशिवाय अंगात घालणं बरं दिसत नाही म्हणून मी तो घातला नव्हता. म्हणजे माझ्या आळसामुळे तो कोरा राहिला होता. मी विचार करत उभा राहिलो: तू तो माझ्यासाठी विणलास, तो दुसऱ्याला देणं म्हणजे तुझा अपमान, न देणं म्हणजे त्या माणसाचा. मी हे अजून तोलत होतो तोवर हिनं कागद गुंडाळून दोरा बांधला होता. "मावशींना मी सांगेन," असं म्हणाली. (सांगितलं नाही. म्हणून मी लिहितो आहे.)

आमच्याकडे रीत अशी आहे की भेटीवर देणाऱ्याचं नाव नसतं. घेणाऱ्यानं पुडकं उघडायचं, वर धरायचं आणि कोणी दिलं ते ओळखायचं, तीन संधी. ओळखलं की देणाऱ्यानं उभं राहायचं आणि हात मिळवायचा. मी ठरवलं होतं की काकांनी तीनदा चुकावं, मग मी उठेन आणि सगळ्यांसमोर यादीतली चूक कबूल करेन. वाक्यही तयार होतं. थोडं लांब होतं, पण प्रामाणिक होतं.

ऑर्गनकाकांनी गाठ सोडली, कागदाची घडी केली, आणि स्वेटर सदऱ्यावर सरळ अंगातच घातला. मग हिच्या कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ. वळले तेव्हा त्यांना कोणाचं नाव शोधावं लागलं असं वाटलंच नाही.

"माझा डावा खांदा खाली आहे," ते म्हणाले. "वीस वर्षं एका बाजूला वाकून वाजवलं, त्यामुळे. दुकानातलं काहीही घातलं की इथं झोळ पडतो. हा स्वेटर बरोबर बसलाय. माझं माप एकाच माणसाला माहीत आहे." आणि त्यांनी टेलरमामांकडे बघितलं.

मावशी, तुझ्या विणीत डावा खांदा उतरतो. लहानपणापासून तुझे स्वेटर घालतो आहे, प्रत्येकाचा उतरतो. मी हे कधी बोललो नव्हतो आणि मरेपर्यंत बोललोही नसतो. शाळेच्या फोटोत मी कायम एका बाजूला कललेला आहे तो त्यामुळे.

टेलरमामांनी आधी स्वेटरकडे बघितलं. शिवणाऱ्याची नजर, त्यांना क्षणात कळलं असणार की हे आपलं काम नव्हे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावर ते सगळं लांबलचक वाक्य लिहिलेलं असणार. ते सावकाश उठले, सूपच्या भांड्याला वळसा घालून गेले आणि त्यांनी हात पुढे केला. "तुमचा खांदा मी विसरेन होय," एवढंच म्हणाले.

मी रात्रभर यावर विचार केला. टेलरमामा खोटं बोलले नाहीत. 'स्वेटर मी विणला' असं त्यांनी म्हटलं नाही, 'खांदा विसरलो नाही' असं म्हटलं, आणि ते खरं आहे. खोटा ठरलो मी, कारण मी कस्टर्डचं भांडं धरून गप्प बसलो. त्यातून बिननावी पुडकं उरलं तेव्हा ऑर्गनकाका म्हणाले, "ज्यांच्याकडे जेवलो त्यांना." म्हणजे एवढं करून मला दोन भेटी मिळाल्या. आत गरम पाण्याची रबरी पिशवी होती.

आज सकाळी उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला अर्ध्यावर थांबवलं. "काकांनी आज ऑर्गनवरची धूळ पुसली, बघितलंत?" मी बघितलं होतं. काका तुझा स्वेटर घालून मागच्या बाकावर बसले होते, आणि लोक पांगल्यावर पुढे येऊन रुमालानं एकेक पट्टी पुसत होते. शेजारी टेलरमामा उभे होते आणि तिसऱ्या कडव्याला किती थांबायचं यावर दोघं भांडत होते, अगदी पूर्वीसारखे. नाताळच्या सकाळी वाजवायचं ठरलं आहे. पाळकसाहेब म्हणाले, "मग तुमची कबुली ईस्टरपर्यंत ठेवू. ती काही नासणार नाही." माझं पूर्ण समाधान झालं नाही, पण घरी येऊन दोन तास गाढ झोपलो. महिन्याभरात पहिल्यांदाच.

तर मावशी, स्वेटरबद्दल मनापासून आभार आणि त्याबद्दलच माफी. माझ्या थंडीची काळजी करू नकोस, पिशवी चांगली तापते. गुडघ्याला जप. मंगळवारी सकाळच्या बसनं तू येणार ते ठरलेलंच आहे, मी उतरवून घ्यायला येतो. हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतो, म्हणजे तुला उद्याच मिळेल.

तुझा,
(तू ज्याला शंकेखोर म्हणायचीस तो) भाचा

ता. क. — संध्याकाळचे सात. आत्ता टेलरमामा मागच्या दारानं आले होते, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्वेटर. बाह्या दोन बोटं लांब होतात म्हणून काकांनी त्यांच्याकडेच आखूड करायला दिला आहे, 'तुमचं काम, तुम्हीच करा' म्हणून. मामांनी कात्री हातात घेतली होती, मग देवानं सुबुद्धी दिली. "मी कापडाचा माणूस," ते म्हणाले. "हे एक टोक ओढलं की सगळं उसवतं म्हणतात. खरं का?" खरं, असं मी सांगितल्यावर ते खाली बसले. तेव्हा तू येताना सुया आणि उरलेली राखाडी लोकर घेऊन ये. मंगळवारी दुपारी त्यांच्या दुकानाच्या आतल्या खोलीत तासभर बसावं लागेल. पडदा आहे. जिना नाही.

ता. क. दुसरा — खांद्याला मात्र हात लावू नकोस. आणि नाताळच्या सकाळी काका ऑर्गनवर बसतील तेव्हा तू पुढच्या बाकावर असशील. ओळख दाखवू नकोस. कोणी विचारलंच तर 'वीण छान आहे' म्हण, ते खरंच आहे.

ता. क. तिसरा — ही आत्ता सांगते आहे की उपासनेनंतर दोन बायकांनी टेलरमामांना स्वेटर विणायला सांगितले, आणि एकीनं नातवाची टोपी. मामांना नाही म्हणता आलं नाही. लोकर जरा जास्तच आण.

रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, उद्याचं काम: टेलरमामांच्या दुकानात, काउंटरवर समोरून दिसेल असा, लोकरीचा एक गुंडा नेऊन ठेवणे.