घरच्या माणसाला टेप नाही

दि. ३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

या पत्राबरोबर कपड्यांचं एक गाठोडं येईल. उघडल्यावर दचकू नका. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता आणि आईच्या हातात देता.

ऑफिस सोडून बेकरीत लागल्यापासून माझ्या कपाटात घालण्यासारखं काही उरलेलं नाही. तुम्ही शिवलेले ऑफिसचे कपडे धुऊन धुऊन आटले, काखेत काचायला लागले. मग रोजच्यासाठी स्वस्तातले टी-शर्ट आणले, तर दोन महिन्यांत त्यांचं पोतेरं झालं. माझ्याबरोबर पीठ मळणारी एक जण पूर्वी तसल्याच कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे पाणी प्यायला उठलं तरी बोलणी खावी लागायची, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. नवं घेतलंच, तर शिवणाऱ्यांना नीट वागवतात अशा ठिकाणचं. नाहीतर जुनं, कुणीतरी वापरलेलं.

ठरवणं सोपं होतं, पण जुन्या कपड्यांच्या दुकानात डोकंच चक्रावलं. जुनं आहे म्हणून कितीही उचललं तर चालतं का? मग आधीच्या हावरटपणात आणि यात फरक काय? एका कुडत्याला शिवणाऱ्या बाईच्या नावाची पट्टी होती, म्हणून तो हौसेनं चढवला, तर मी उशीच्या अभ्र्यात शिरल्यासारखी दिसले. शेवटी चार शर्ट, दोन पँट आणि एक जाकीट घेऊन बाहेर पडले. घरी येऊन पाहते तर एक ना धड भाराभर चिंध्या! सगळंच ढगळ. माझ्या अंगाबेताचं करून द्याल का?

आपली,
भिंगरी


दि. १४ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

गाठोडं पोचलं. तुझ्या आईनं ते आधी गॅलरीत झटकलं, मग दोनदा धुतलं, आणि मगच मला हात लावू दिला. शिंप्याच्या मुलीनं दुसऱ्याचे उतरलेले कपडे का घालावेत, हे मला अजून उमगलेलं नाही. तुझी ओढाताण तर होत नाही ना, असं आईनं विचारायला सांगितलंय. मलाही तेच विचारायचं होतं. जन्मभर मी तयार कपड्यांच्या नावानं बोटं मोडली, आणि तू तेच, तेही वापरलेले, माझ्या टेबलावर आणून टाकलेस. हसावं की रडावं कळेना.

पण उसवायला बसलो आणि रमलो. निळ्या शर्टाची कॉलर ज्यानं कुणी बसवलीय, त्याचा हात पक्का आहे. बाह्या मात्र दुसऱ्याच कुणीतरी घाईत जोडल्यात. त्याला बहुतेक पाणी प्यायला उठू दिलं नसेल. तुझ्या मैत्रिणीचं खरं असावं.

दोन शर्ट करून पाठवतोय. मापं मागवली नाहीत. घरच्या माणसाला टेप लावायची नाही, ही माझ्या वडिलांपासूनची रीत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला मोजायचं, आपल्या माणसाला नुसतं बघायचं. तीन वर्षं तू आली नाहीस, तरी माझ्या डोळ्यांपुढे आहेसच. शिवणीत माया ठेवलीय. हे बसले की बाकीचे घेतो.

पोटभर जेवत जा.

तुझे,
बाबा


दि. २४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शर्ट मिळाले. टीप इतकी सुबक की उलटा शर्टसुद्धा मिरवावा. पण कसं सांगू कळत नाही. खांद्यात ते इतके आवळतात, की पावाचा ट्रे उचलताना निळा शर्ट पाठीवर टर्रकन उसवला. कमरेत मात्र वारा खेळतो. एकाच शर्टात हे दोन्ही कसं झालं? आईनं दोनदा धुतल्यामुळे आटले असतील का? की तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय? एकदा तपासून घ्याल का? रागावू नका.

माझी ओढाताण बिलकुल नाही. आईला सांगा, मी पोटभर जेवते आणि वर पावही खाते.

आपली,
भिंगरी


दि. २ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांच्या नकळत लिहितेय. तू काय लिहून बसलीस गं! ते दुसऱ्याच दिवशी डोळे तपासून आले. नंबर जुनाच निघाला. मला हायसं वाटलं, आणि त्यांचा चेहरा पडला. डोळे ठीक आहेत म्हणजे हात गेला, असं त्यांनी मनाशी धरलंय. कापडाला कात्री लावायची तर तीनतीनदा खडूनं आखतात आणि पुसतात. काल मागच्या गल्लीतल्या शिंप्याला मशीन बघायला बोलावलं होतं. महिनाअखेर दुकान बंद करायचं म्हणतात. दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय? मला तर धडकीच भरलीय.

खोटं बोलू नये हे तुला मीच शिकवलं. आता मीच सांगते, एवढं एक बोल. शर्ट बसले म्हण. बरोबर की चूक, मला काही सुचत नाही.

तुझी,
आई


दि. ९ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शर्ट पुन्हा घालून पाहिले. अगदी छान बसले! मागच्या वेळी मीच घाईत बटणं वरखाली लावली असणार. बाकीचे कपडेही असेच करा.

आपली,
भिंगरी


दि. २० जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बटणं वरखाली लावणारी पोर शिंप्याच्याच घरात निपजावी! तुझ्या एका पत्रानं मी जेवण सोडायच्या बेतात होतो. बाकीचं सगळं त्याच बेतानं करून पाठवतोय. जाकिटावर विशेष मेहनत घेतलीय. मशीन न्यायला येणाऱ्या माणसाला तूर्त थांब म्हटलंय. हात अजून शाबूत आहे, असं दिसतं.

तुझे,
बाबा


दि. २ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. शर्ट बसले नव्हते. का लिहिलं ते विचारू नका. नवे आलेलेही बसले नाहीत. काय करावं कळेना, म्हणून सगळं परत द्यायला त्या जुन्या कपड्यांच्या दुकानात गेले, आणि तिथेच, एकदा शेवटचं म्हणून जाकीट बटणांसकट डोक्यावरून चढवताना, त्यात अडकले. दोन्ही हात वर, तोंड आत. दुकानवाल्या बाईंनी हसत हसत सोडवलं. माझे ऑफिसचे कपडे मी त्यांच्याकडेच देऊन टाकले होते. त्या म्हणाल्या, ते एक सडपातळ मुलगी घेऊन गेली, तिला ते अगदी चपखल बसले. मी म्हटलं, ते तर आटले होते. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि टेप काढली.

बाबा, कपडे आटलेच नव्हते. पीठ मळून आणि ट्रे उचलून माझेच खांदे रुंद झालेत, आणि कंबर उतरलीय. मी रोज आरशात बघते, पण मला कधी कळलं नाही. तुमचा हात चुकलेला नाही. त्यांनी घेतलेली मापं खाली लिहिलीत. रीत मोडली म्हणून रागावू नका. मशीन देऊ नका, एवढंच.

आपली,
भिंगरी


दि. ९ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझी मापं वाचली. आधी वाटलं, त्या बाईंना टेप धरता येत नसेल. पुन्हा वाचली. मग उठलो आणि दोन्ही हात फाकवून आईला दाखवलं, की खांद्यांत एवढी झालीय बघ आता. ती माझ्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मलाही हात खाली घेववेनात.

मशीन मिळणार नाही, असं त्या माणसाला सांगून आलो. हात शाबूत आहे म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच टिकला. मी जिच्या अंगाबेतानं सगळं शिवलं, ती मुलगी आता कुठेच राहत नाही. माणूस पाठमोरा दिसला तरी मी ओळखतो, असा माझा लौकिक. आता बाजारात तू पुढून चालत गेलीस तर मला कळेल का, या विचारानं माझा जीव घाबरा झालाय.

सगळे कपडे परत पाठव. उसवून ठेवतो, शिवणार मात्र नाही. कागदावरच्या आकड्यांवर मी गिऱ्हाइकाचं शिवतो, तुझं शिवायला तू समोर हवीस. बेकरीच्या मालकाला सांग, बाप आजारी आहे. आईनं आपल्या पत्राचं कबूल केलंय; खोटं बोलायला तू आणि तुझी आई आता चांगल्याच सरावल्या आहात.

लोभ आहेच, पण तो आता टपालानं भागत नाही. ये.

तुझे,
बाबा