काजळ माझंच

कार्तिक, सोमवार

माझ्या आधी विहीण येऊन बसली, हे काही बरं झालं नाही. परतवाड्याची ही मनकर्णा माझा नातू मांडीवर घेऊन बसलेली, जसा काही तिच्याच वंशाचा. बाकी अमरावती झकास. राजापेठेत माझ्या लेकानं, गोवर्धननं, दोन खोल्या घेतल्या. सून रुख्मिणी पंधरा दिवसांची बाळंतीण. अकोटच्या मळ्यातली वांगी आणली, केळीचा घड आणला. मोटारीत धूळ उडाली, डावा डोळा चुरचुरते.

आल्याबरोबर एरंडेलाचा दिवा लावला, वर ताट पालथं धरलं, काजळ पाडलं, लोण्यात खलून डबीत भरलं. आमच्यात बापाची आईच काजळ घालते. आधी आपल्या डोळ्यात, मंग त्याच बोटानं लेकराच्या. आजीनं पाहिलं तितकं नातवानं पाहावं म्हणून.

बुधवार

डोळा लाल. सकाळी पापणी चिकटली होती, कोमट पाण्यानं सोडवली. मनकर्णा म्हणे, विहीणबाई, तुमचे डोळे आले, काजळ बंद करा, पंचा वेगळा ठेवा, लेकराले हात लावू नका. म्हणजे लेकरू दिवसभर हिच्याच मांडीवर. मी म्हटलं, तुमचीच नजर लागली असंल. ती हसली. या वयातही सुईत दोरा एका दमात ओवते. मले पाहवत नाही.

ती नळावर गेली, तशी मी डबी उघडली.

शुक्रवार

ठणकते. खिडकीतला उजेड आत घुसते. मनकर्णा सांगून राहिली की लाली, चिपडं चार दिवसांत जातात. पण ठणका उठला, उजेड सोसंना, दिसणं पुसट झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. तिची बहीण दवाखान्यात न जाता थांबली, बुबुळावर पांढरं फूल पडलं, ते गेलंच नाही.

मले धूर दिसते. सांगितलं नाही. सांगितलं की ही जिंकली.

शनिवार

नातवाचा डावा डोळा उघडंना. पदराआड पुसला. पिवळं. माझ्यासारखंच —

रविवार

उजवाही. पापण्या जांभळासारख्या. रडते, तर पू —

आरशात माझ्या बुबुळावर पांढरा ठिपका. डबीत माझ्या बोटाची खूण —

टांगा आला. मनकर्णा माझ्या सुनेले म्हणे, काजळ मीच घातलं असं सांगते, म्हातारीले बोल लावू नको. हा आळही तिनंच घ्यावा काय. अक्षर दिसत नाही — दवाखान्यातला साहेब विचारंल, काजळ कोणाचं, तर जबाब मी देईन. मनकर्णेनं तोंड उघडायचं नाही —