पिवळ्या कोशाची खूण

८ ऑक्टोबर २०१७, रविवार

माफ कर. मार्चनंतर आज उघडते आहे तुला. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. इथं आलं की खरं लिहावं लागतं, म्हणून टाळलं. आजही टाळलं असतं, पण झोप येत नाही.

तेजूला पुण्याला फोन केला. म्हटलं, "पुष्करला उंट पाहून आलीस, कुल्लूचा दसरा पाहिलास, नागालँडला थंडीत कुडकुडलीस. मामाच्या आंधळगावची दिवाळीनंतरची जत्रा, आपली मंडई, मोठेपणी एकदा तरी पाहिलीस का? दंडारीचं नाच-गाणं, गोवारी गुराख्यांची ढाल, रात्रीचं नाटक! ये यंदा."

ती म्हणाली, "आई, माझ्या फिरण्याला नावं न ठेवता तू आज पहिल्यांदा बोललीस गं!" येते म्हणाली. रूममेटला, इंदूरच्या रीतालाही आणते.

मी हसले. फोन ठेवला.

पण मंडई हे निमित्त आहे. मंदाबाई — माझ्या भावाच्या, संजीवच्या, बायकोची मावशी, निम्म्या तालुक्याच्या सोयरिकी जमवणारी — तिनं स्थळ आणलंय. मोहाडीचं. घरी कोशाच्या रेशमाचाच व्यापार, मुलगा चंद्रकुमार नागपुरात बँकेत. "पोरीले सांगू नोको. आजकालच्या पोरी बिचकतात. मंडईत सहज पाहू. पसंत पडली तं पुढं बोलू, नाही तं काई झालंच नाही!"

आमच्याकडे अशीच पाहतात. मलाही अशीच पाहिली होती, बांगड्यांच्या दुकानापाशी. मग माझ्याच पोरीच्या वेळी एवढं का टोचावं?

११ ऑक्टोबर

यांना सांगितलं. फॅक्टरीची बस यायची होती, बूट घालता घालता म्हणाले, "तुले जमत नसंन तं पोरीले सांगून टाक. मले विचारून काहून राहिली?"

सांगते म्हटलं. सांगितलं नाही.

१५ ऑक्टोबर

मंदाबाईचा फोन. गर्दीत मुलीला ओळखायचं कसं? खूण हवी. माझ्या तोंडून निघून गेलं — पिवळी कोशाची साडी. बाबांनी स्वतःच्या मागावर विणलेली, तेजूसाठीच ठेवलेली. बाबांच्या साडीची खूण केली मी!

१९ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

पोरी आल्या. घर भरलं. सांगायचं राहिलं.

२२ ऑक्टोबर

आज सांगणारच होते. तेजू कॅमेरा पुसत बसली होती. म्हणाली, "लोक विचारतात, कुठली जत्रा सगळ्यात भारी? आता सांगीन, माझ्या आईनं बोलावलं ती."

उठून स्वयंपाकघरात गेले. उगाच डबे पुसले.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. मंडई.

आंधळगाव, संजीवच्या घरी. सगळे नाटकाला गेलेत. डोकं दुखतं म्हणून मी मागं राहिले. हेही खोटंच.

सकाळी साडी काढून तेजूपुढं ठेवली. "ही नेस आज, आजोबांची आहे." तिनं हात फिरवला, वास घेतला. "किती सुंदर! पण आई, साडी सांभाळू की कॅमेरा?" आणि रीताकडे बघून — "तू नेसतेस?" रीता उडीच मारायची बाकी होती. "आंटी, सच में? मैं पहनूँ?"

माझ्या तोंडून हो निघालं. दुसरं काय निघणार होतं? वहिनीनं रीताला साडी नेसवली, कानात झुमके घातले. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

दुपारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंगाड्यांचे ढीग, भज्यांचा धूर, आकाशपाळण्यात किंचाळणारी पोरं. गोवारी मोरपिसं लावलेल्या उंच काठीची ढाल घेऊन नाचत आले तशी तेजू जमिनीवर बसून फोटो काढायला लागली — जुनी जीन्स, केसांत धूळ. एका म्हाताऱ्यानं तिला हटकलं, "कावं पोरी, मंडई पाहून राहिली का माती मोजून राहिली?" ती खळखळून हसली. किती दिवसांनी तिला अशी बघितली.

मंदाबाई पाहुण्यांना घेऊन बांगड्यांच्या दुकानापाशी उभी होती. मला कोपरानं ढोसलं. "हेच ना व?" रीताकडे बघत होती.

मी मान हलवली का? आठवत नाही. हलवली असेल. नाही म्हटलं नाही, एवढं नक्की. खरं सांगायचं तर त्या क्षणी हायसं वाटलं — माझी पोरगी धुळीत सुखरूप बसली आहे, तिला कोणी बघत नाहीये.

मुलगा कोणता ते मला कळलंही नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

२५ ऑक्टोबर

क्वार्टरला परत आलो. मागोमाग मंदाबाईचा फोन.

"पसंत! सगळ्याइले पसंत! काय ते रूप, काय ते साडी! पोरगा तेवढा काई बोलत नाही, नुसता हासून राहिला. लाजला असंन."

आता? रीता कोण, तिला कुणी विचारलं? ते लोक घरी पेढे आणतील. मंदाबाईला खरं सांगायचं तर आधी तेजूला सांगायला हवं. आणि तेजूला काय सांगू — की तुझ्या आवडीचाच मी गळ केला?

आणि एक लाजिरवाणी गोष्ट. माझ्या पोरीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही, याचा मला राग आला. हायसंही वाटावं आणि रागही यावा! मला नेमकं काय हवं होतं?

मंदाबाईला म्हटलं, "कळवते."

२६ ऑक्टोबर

वरठी स्टेशनवर पोरींना सोडलं. गाडीला उशीर होता, बाकावर बराच वेळ बसलो. तेजू दोनदा म्हणाली, "काही सांगायचंय का, आई?" मी म्हटलं, पोहोचलीस की फोन कर. चिवड्याचा डबा दिला. ती गाडीच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

गाडी गेल्यावर हे म्हणाले, "सांगतलं?"

२७ ऑक्टोबर

तेजूनं मंडईचे फोटो पाठवले. ढाल. शिंगाडेवाली. मी, पाठमोरी. आणि शेवटी आकाशपाळण्यापाशी उभा एक मुलगा, अवघडून हसणारा. खाली तिनं लिहिलंय —

"हा चंद्रकुमार. रीताची साडी बघून, ती म्हणजेच मी समजून आधी तिच्याकडे आला, तिनं माझ्याकडे पाठवलं. म्हणाला, घरचे तुम्हाला बघायला आलेत, तुम्हाला हे माहीत असायला हवं. एवढंच सांगून गेला. मग मी वाट पाहिली, आई. गाडी सुटेपर्यंत."

उद्या: तेजूला फोन. मंदाबाईच्या आधी.