थांबणारा खेळ

मंगळवार, ७ जानेवारी १९९७

रविवारी लिहिलं की व्हिडिओ गेममधल्या पुलावरच्या राक्षसाला बाबांनी एकट्याने मारलं. ते खरं नाही. चाल त्यांनी निवडली, बाणही त्यांनीच सरकवला; पण शेवटचं बटण दाबताना अंगठा घसरला आणि मी वरून दाबला. आनंदाच्या भरात लिहून गेले. दोन दिवस टोचत होतं, म्हणून आज दुरुस्त केलं.

लकवा झाल्यापासून बाबा एखादी गोष्ट सुरू करून शेवटाला नेतात असं एवढं एकच आहे. ते सगळं त्यांच्या नावावर असावं असं मला वाटलं. त्यांना विचारलं असतं तर हे खोटं आवडलं नसतं.

बुधवार, ८ जाने.

दिवसभर आमच्या गेमच्या दुकानात मी एकटीच. सुधीरदादा बाजारात. "दीदी, फाइटवाली लगाओ", "दीदी, इसने मेरी जान खा ली", "दीदी, रिमोट खराब है". रिमोट खराब नसतो, हरलेला असतो.

कॅसेटी मी फळीवर जातीनुसार लावल्या आहेत. मारामारी, गाड्या, उड्या, विमानं, ठोकळे, शेवटी थांबणारे. नावं माझीच. दादा हसतो, म्हणतो गेम म्हणजे गेम, बटण दाबा आणि पैसे काढा. पण प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा असतो. मारामारीत समोरचा पडेपर्यंतच काय ते. उड्यांच्या खेळात खड्डा काल होता तिथेच आज असतो, पाठांतर केलं की झालं. विमानांत श्वास घ्यायला जागा नाही. वरून पडणारे ठोकळे सुरुवातीला सज्जन वाटतात.

थांबणाऱ्यांत मात्र राक्षस समोर येऊन उभा राहतो आणि आपली पाळी संपेपर्यंत हलत नाही. पोरांना कंटाळा येतो. अक्षरं जपानी की चिनी, तेही कळत नाही. मी आणि बाबांनी चिन्हांवरून अर्थ लावले. बाबांच्या लाडक्या कॅसेटीतल्या वीराला आम्ही बंडू म्हणतो.

गुरुवार, ९ जाने.

जेवताना सु.दा.ने सांगितलं. नागपूरचा कॅसेटवाला येणार. दोन जुन्या घेऊन एक नवी देणार, मारामारीची. सगळे थांबणारे आणि ठोकळ्यांतले जास्तीचे देऊन टाकायचे. चौकात नवं गेम पार्लर उघडलं आहे, तिथे चार बटणांची नवी मारामारी आली, आमची पोरं तिकडे जाऊन राहिली आहेत. हे खरं आहे, मी पाहते आहे.

"बंडूची सोडून बाकीच्या दे," मी म्हटलं.

"तीच तर चांगली कॅसेट आहे. आतमध्ये सेल आहे तिच्या, जिथे सोडलं तिथून सुरू होते. तो माणूस तिच्याच जोरावर तयार झाला."

"त्यात बाबांचं दीड वर्ष आहे, दादा."

"अच्छा. आणि माझी किती वर्षं आहेत या दुकानात?"

आई भाकरी मोडत राहिली. कुणाचीच बाजू घ्यायची नाही, ही तिची सवय.

शुक्रवार, १० जाने.

आज पुन्हा. वाद झाला असं लिहिणार होते, पण वाद दोघांचा असतो. बोलला तोच.

"काहून हट्ट करून राहिली तू? बाबा खेळतच नाहीत. तूच खेळते. त्यांचा हात धरून खेळते आणि म्हणते बाबा जिंकले. मी पाहिलं ना रविवारी दारातून."

मी सांगू शकले असते की बाकी सगळ्या चाली त्यांच्याच होत्या. पण त्याने नेमकं तेच पाहिलं होतं जे मी मंगळवारी इथे खोडून दुरुस्त केलं. दुसरं कुणी असतं तर खोटं तरी बोललं असतं.

शनिवार, ११ जाने.

बाबांना आंघोळ घालताना आई म्हणाली, "तुला शिकवताना किती वेळ बसायचे, आठवते का?"

आठवतं. दम्यामुळे पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. ऑफिसातून आले की बाबा समोर बसायचे, एक प्रश्न विचारायचे आणि संत्रं सोलायला घ्यायचे. उत्तर येईपर्यंत सोलत राहायचे. शिरा काढायचे, बिया काढायचे. कधी संत्रं पूर्ण सोलून व्हायचं, तर दुसरं घ्यायचे. "मग सांग" असं म्हणाले नाहीत कधी. दादा शाळेत जायचा. त्याला त्यांनी असं कधी शिकवलं नाही. हे त्याला लागलं असेल का, हा विचार आज पहिल्यांदा आला. आला तरी राग कमी झाला नाही.

रविवार, १२ जाने.

सु.दा. आज सरळ आला. हातात ठोकळ्यांची कॅसेट. "हे घे. ही राहू दे घरी, बाबांसाठी. याच्यात वाचायलाही लागत नाही. सोपं आहे." त्याच्या मनात खोट नव्हती, एवढं लिहायलाच हवं.

लावली. बाबांच्या मांडीवर उशी, उशीवर रिमोट. त्यांचा उजवा हात गेलेला. डाव्या अंगठ्याने आधी डावीकडचा बाण, मग तोच हात उचलून उजवीकडच्या बटणावर. एवढं व्हायला वेळ लागतो. पहिला ठोकळा ते हात उचलेपर्यंत खाली बसला. दुसराही. पाचव्यापर्यंत त्यांनी अंगठा उचलणं सोडून दिलं आणि नुसते पाहत राहिले. ढीग वर चढत गेला. गाणं वाजलं, संपलं.

"पुन्हा लावू का बाबा?" दादाने विचारलं.

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दादा म्हणाला, "सवय होईल," आणि गेला.

सवय होणार नाही. ठोकळा कुणासाठी थांबत नाही.

मंगळवार, १४ जाने.

संक्रांत. वहिनीने तिळगूळ दिला. दादा म्हणाला, "चल, गोड बोल आता." मी गोड बोलले. नंतर दाताला तीळ अडकला तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही.

बुधवार, १५ जाने.

राइट टाउन भागातल्या कम्प्युटर क्लासला गेले. सर नव्हते, त्यांच्या मदतनीसाने जुन्या मशीनवर एक गेम दाखवला. चित्रच नाही. काळ्या पडद्यावर वाक्य येतं, तू जंगलात आहेस, समोर दार आहे. आपण इंग्रजीत लिहायचं, दार उघड. तोही थांबतो. वाटलं, बाबांना हा चालेल. मग लक्षात आलं, यात एकेक अक्षर शोधून टाइप करावं लागतं. एका दारापाशी त्यांची दुपार जाईल. आणि मशीन कुठून आणणार? वहिनी स्कूटरवर न्यायला आली होती, परत येताना तिला सगळं सांगितलं.

वहिनी ब्रेक मारत म्हणाली, "तू बावळट आहे का गं? तो नागपूरवाला चालू असलेल्याच कॅसेटी घेते ना? बोल की आतला सेल संपला. तू तपासते सगळ्या, तुझ्या शब्दावर कोण शंका घेईन?"

कुणी घेणार नाही. तेच तर.

इतके दिवस वाटत होतं वहिनी त्याच्या बाजूची आहे. चूक.

गुरुवार, १६ जाने.

मनात वाक्य म्हणून पाहिलं. "भैया, इसका सेल गया." चार शब्द. आरशासमोरही म्हणता आलं नाही. म्हणजे म्हणता आलं, पण मानेवर लाल चट्टे आले. दादा बघताच ओळखेल. लहानपणीही असंच व्हायचं, आणि बाबा चट्टे पाहून म्हणायचे, "बरं, आता खरं सांग." किती अभिमान होता त्यांना त्या चट्ट्यांचा.

चांगलं वळण लावलंत बाबा. तुमची एक कॅसेट वाचवायलाही उपयोग नाही.

हे वाक्य खोडायचं नाही असं ठरवलं आहे.

शुक्रवार, १७ जाने.

दुपारी दुकान बंद असताना बंडूला घरी आणून लावलं. मी बाबांच्या मागे उभी राहिले, हात पाठीला बांधून. काही सुचवलं नाही. एक वटवाघूळ समोर आलं, अगदी किरकोळ. बाबांनी बाण सरकवला, हात उचलला, बटण चुकलं. पुन्हा बाणावर. वटवाघूळ पंख हलवत जागेवरच. मला इतकं वाटत होतं की पटकन दाबावं. कुकरची शिट्टी झाली, आईने गॅस बंद केला, ती येऊन उभी राहिली. मग दाबलं गेलं. वटवाघूळ मेलं.

आई म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा वेळ?" आणि डोळे पुसायला आत गेली. बाबांनी "हं" केलं. जोरात.

शनिवार, १८ जाने.

सु.दा.ने देण्याच्या कॅसेटी खोक्यात भरल्या. बंडू वरती. त्याला मी म्हटलं, "नागपूरवाला आला की मी सगळं खरं सांगीन. चालू आहे म्हणूनच सांगीन."

त्याला बरं वाटलं. "झालं तर मग. खुळी आहे तू, उगाच रडवून राहिली होती सगळ्यांना."

बाकीचं त्याला सांगितलं नाही. न सांगणं हे खोटं आहे का, यावर दुपारभर विचार केला. थोडं आहे.

बाबांना विचारलं. दुकानात, पोरांच्या आणि त्या परक्या माणसाच्या समोर बसाल का? लाळ गळते ती त्यांना सगळ्यांत जास्त लागते, ऑफिसातले मित्र आले तरी ते पांघरूण ओढून घेतात. पोरं हसतील, हेही सांगितलं. माझा हात लागणार नाही, हेही. त्यांनी डोळे मिटले. हो की थकले, कळलं नाही. मी घाई केली नाही. टोपलीतलं संत्रं सोलायला घेतलं. दुसरं सोलून झालं तरी डोळे उघडले नव्हते. उद्या पुन्हा बसेन.

त्यांनी मान फिरवली तर नेणार नाही. नाही फिरवली तर सोमवारी, २० तारखेला, दहा वाजता नागपूरवाला दुकानात शिरेल तेव्हा मधल्या टीव्हीसमोर बाबांची खुर्ची असेल, मांडीवर उशी, उशीवर रिमोट, मशीनमध्ये बंडू. कॅसेट हवी असेल तर बाबांची पाळी चालू असताना दादाने ती स्वतःच्या हाताने उपसावी. मी मागे उभी असेन, हात पाठीला.