उंबऱ्याबाहेरचा

दि. ४ मार्च

चि. भित्र्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मुसमुसतोस आणि मग मलाही बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरं. मी अजून हॉस्पिटलातच आहे. खोलीला एकच खिडकी, तिच्याखाली धोबीखाना. दिवसभर चादरी वाळताना बघते.

दर आठवड्याला कुणा अनोळखी माणसाचं रक्त चढवतात. मग दोन दिवस गालांवर लाली येते आणि मी वॉर्डातल्या मावशींवर खेकसायला लागते. म्हणजे मी आता व्हॅम्पायरच झाले की! तेव्हा माझ्या भाऊबंदांचे सिनेमे पाठव. तुझ्या फिल्म क्लबात तू असलंच काहीबाही दाखवतोस ना? सुळे आणि किंकाळ्या नकोत, वेगळं दे. बाकी सगळं ठीक.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. भावोजींबरोबर दोन सिनेमे पाठवलेत. पहिला एका व्हॅम्पायर शिंपिणीचा. बर्फात बुडालेलं गाव, ती गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेते, टेप जरा जास्तच वेळ धरून ठेवते आणि सोडून देते. सिनेमाभर रक्ताचा थेंब नाही, म्हणून तर मला झेपला. दुसऱ्यात म्हाताऱ्या व्हॅम्पायरचे दात पडलेत आणि नात त्याला चमच्याने भरवते. क्लबातले लोक हसले, मी प्रोजेक्टरमागे डोळे पुसत होतो. दोन्हींत भीती कमी आणि भूक जास्त आहे.

भावोजी आले, पाण्याचा पेला धरून नुसते बसले आणि न पिताच गेले. तुम्ही काय लपवताय? मी येऊ का?

तुझ्या अक्षराची वाट बघणारा,
भित्र्या

दि. १७ मार्च

चि. भित्र्यास,
अनेक आशीर्वाद.

शिंपीण दोनदा पाहिली. गिऱ्हाईक निघून गेल्यावर ती रिकामा टेप गुंडाळत बसते ना, तिथे मी सिनेमा थांबवला. तिला मागायची लाज वाटते रे. त्यापेक्षा उपाशी राहणं तिला सोपं वाटतं.

चढवलेलं रक्त आताशा टिकत नाही. लाली एका दिवसात उतरते. पण तू येऊ नकोस. लहानपणी विळीवर माझं बोट कापलं तर तू धाडकन पडलास, आणि टाके पडले तुझ्या डोक्याला! इथे तर नळ्याच नळ्या. तुला सांभाळायचं अंगात त्राण नाही. नवा सिनेमा पाठव, तेवढं पुरे.

रागावू नकोस, आणि आठवण काढणं सोडू नकोस.
तुझी ताई

दि. ९ एप्रिल, वॉर्डातल्या मावशींच्या हाती

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींनी सगळं सांगितलं. डॉक्टरांना तुझ्यासाठी सख्ख्या भावंडाच्या हाडांतला मगज, म्हणजे बोन मॅरो, हवाय. आणि त्यांनी विचारल्यावर तू सांगितलंस की मला भावंड नाही! आई गेल्यावर तू मला न्हाऊमाखू घातलंस, माझ्यासाठी शाळा सोडलीस, आणि आता मला पुसूनच टाकलंस? मी भित्रा आहे, मेलेलो नाही.

मी तपासणी करून घेतली. सुई बघून आडवा झालो, उठलो, परत आडवा झालो. तिसऱ्यांदा सिस्टरबाईंनी आधीच झोपवलं. काल निकाल आला. माझा मगज तुला जुळतो. पण तुझ्या सहीशिवाय डॉक्टर पुढे जाणार नाहीत, आणि भावोजी म्हणतात तू कागद उलटा करून ठेवलायस.

तिसऱ्या सिनेमाची प्रत मिळाली, पण तो बघायला आता वेळ नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. व्हॅम्पायर दारात उभा असतो. दार उघडं, घरात एकटी बाई. पण घरातल्याने ये म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. अख्खा सिनेमा तो तिथेच उभा. आपलं उलटंच झालंय, ताई. ज्याच्या अंगात रक्त आहे तोच बाहेर उभा आहे. मी इथेच हॉस्पिटलात, खाली बाकावर बसलोय. घामाने शाई पसरलीय, अक्षर बघच. तरी उठणार नाही. तू नसलीस तर मी कुणाला भ्यायचं आणि कुणाला सांगायचं?

मला आत घे.
तुझा भाऊ

दि. ९ एप्रिल

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

मावशी दारात ताटकळल्यात, थोडक्यात लिहिते. हाताने भरवून वाढवलेल्या पोराच्या हाडांतून काढून घ्यायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि माझ्यापायी तुला काही झालं असतं तर आईला कुठल्या तोंडाने भेटले असते? म्हणून खोटं बोलले. पण काल खिडकीतून त्या पांढऱ्या चादरींकडे बघवेना. मला मरायचं नाही रे. खूप भीती वाटते, तुझ्याहून जास्त.

सही केली. डॉक्टरांना सांगितलं, मला भाऊ आहे.

डोळे मिटून ये, भिंत धरून ये, पण ये.

तुझी ताई