टाकी कोरडी, काटा अर्ध्यावर

धानोरा,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनूदादा,

रंजूचा नमस्कार. वहिनीनं पाठवलेली शाल आईला फार आवडली, तिला सांग. डिंपलला माझ्याकडून एक पापा. इकडे सगळे बरे आहेत. धान कापून झालं, मळणी राहिली आहे. आईचा उजवा हात तसाच आहे, पण डाव्या हातानं ती आता भाजी चिरते आणि कुणी मदतीला गेलं तर रागावते.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. बाबांचं नाव निघालं की तू फोन ठेवून देतोस. कागद बाजूला ठेवलास तरी तो निदान घरात राहील.

बातमी ही की आपली अँबेसिडर चालू झाली. चालू म्हणजे अगदी गडचिरोलीला जाऊन आली.

तू घर सोडून चंद्रपूरला गेल्यापासून बाबांनी ती फारशी काढलीच नव्हती. चार वर्षं तर छपराखाली नुसती उभी होती. दिवाळीनंतर भंगारवाला बघून गेला. मी बाबांना म्हटलं, मला पंधरा दिवस द्या. आयटीआय केल्यापासून मी गावातल्या मोटारपंपांची कामं करतेच, आणि एसटी स्टँडजवळचे डोमाभाऊ मिस्त्री मदतीला आले. सहाव्या दिवशी इंजिन लागलं. आई पायरीवर बसून टाळी वाजवायला गेली आणि एका हातानं मांडीच बडवत राहिली.

मग राहिला पेट्रोलचा काटा. डोमाभाऊ म्हणाले, "त्या काट्याचं काऊन मनावर घेऊन राह्यली? टाकीत काडी बुडवून पाह्यत जा ना."

"नाई भाऊ," मी म्हटलं. "मले काटाच पाह्यजे."

टाकी पूर्ण रिकामी करून वाळवली. कोरडी टाकी, तरी चावी फिरवली की काटा अर्ध्यावर. टाकीकडची वायर सोडवली. आपल्या जुन्या गाडीत ती वायर मोकळी सोडली की काटा फुल्लवर जातो आणि लोखंडाला टेकवली की खाली येतो. तसंच झालं. म्हणजे काटा चांगला, वायरही चांगली. टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा, काढला, हातानं वर-खाली करून मीटर लावला. तोही ठीक. सगळं परत बसवलं, काटा पुन्हा अर्ध्यावर. दोन दिवस मी हेच करत होते. डोमाभाऊ वैतागून जेवायला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी गाडीखाली सरपटत गेले. टाकी जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं काळ्या रंगाचा जाड थर होता. पट्टीखाली, बोल्टखाली, सगळीकडे. रंगामुळे टाकीला अर्थिंगच नीट मिळत नव्हतं. गाडी खड्ड्यात आदळली की कधी मिळायचं, कधी तुटायचं. अर्धवट तुटलं की काटा अर्ध्यावर चढून बसायचा. मी एक वायर घेतली. एक टोक फ्लोटच्या स्क्रूला, दुसरं घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला. चावी फिरवली. काटा सरळ शून्यावर.

मी तिथंच धुळीत बसून हसले, दादा. मग रडले.

ती दुपार तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. आईला लकवा मारला. मागच्या सीटवर बाबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तू गाडी हाकत होतास आणि मी तुझ्या शेजारी. अर्ध्या रस्त्यात जंगलात पेट्रोल संपलं. एसटी मिळेपर्यंत दोन तास गेले. गडचिरोलीच्या दवाखान्याच्या आवारात तू सांगत होतास, "बाबा, काटा अर्ध्यावर होता." बाबांनी लोकांसमोर तुला थापड मारली आणि खोटारडा म्हटलं. दुसऱ्या दिवशी कॅनमधून नेऊन पाच लिटर टाकलं, गाडी ढकलून चालू केली, तर काटा बरोबर दाखवायला लागला. मग तुझं कोण ऐकणार?

टाकीला तो रंग मी मारला होता. त्या दुपारच्या थोडं आधी, तू आठवडाभर चिमूरला मामाकडे गेला होतास तेव्हा. गंज पाहून वाटलं, दादा येईपर्यंत नवी करून ठेवू. टाकी उतरवून दोन हात रंग दिला, बोल्टांनासुद्धा.

आणि त्या दुपारी काटा मीही पाहिला होता. अर्ध्यावर होता. तुला थापड बसली तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं तर टाकी मीच उतरवून रंगवली होती ते निघेल, असं वाटलं. मी सतरा वर्षांची होते, पण पुढची अकरा वर्षं काही सतरा वर्षांची नव्हते.

बाबांना बोलावून पुढच्या सीटवर बसवलं. "टाकी कोरडी हाये. काटा कुठी हाये?"

"खाली."

मागे जाऊन नवी वायर काढली. "आता?"

त्यांनी काट्याच्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "अर्ध्यावर."

ते उतरले. स्वतः वायर लावली, पाहिलं. काढली, पाहिलं. तीनदा. मग मी त्यांना सगळं सांगितलं, रंगाचं आणि गप्प राहिल्याचं.

"तवा काऊन नाई बोलली?"

"तुमची भीती वाटली."

ते खाली बसून वायरचा स्क्रू पुन्हा आवळायला लागले. आईनं पायरीवरून सांगितलं, "पोट्टी भेली, ते खरं. पण हात तुमी उचलला होता."

काल सकाळी बाबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. गडचिरोलीपर्यंत गाडी मी चालवली. चढाला काटा हलला नाही, खड्ड्यात उडाला नाही. जेवढं पेट्रोल जळलं तेवढाच खाली आला. बाबांचे डोळे सगळा रस्ता त्याच्यावरच. दवाखान्यासमोर चहाची टपरी मांडणाऱ्या, त्या दिवशी ती थापड पाहिलेल्या सुकरीबाई अजून तिथंच आहेत. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले. "बाई, माह्या पोराले मी इथी मारलं होतं. त्यानं खरं सांगतलं होतं. खोटा मी निघालो." बाकावरचे लोक वळून पाहत होते. बाबांनी आवाज कमी केला नाही.

येत्या रविवारी आम्ही तिघं चंद्रपूरला येतो आहोत. मूलमार्गे येऊ. मी म्हटलं होतं, आधी दादाचं उत्तर येऊ द्या. बाबा म्हणाले, "त्यानं नाई म्हटलं तरी जायचं हाये. दारातून परत पाठवाचा त्याले हक्क हाये."

दार उघडलंस तर त्यांना आधी बोलू दे. कालपासून ते एकच वाक्य तोंडातल्या तोंडात जुळवत आहेत. माझ्याशी काय बोलायचं, की बोलायचंच नाही, ते तू ठरव. मी गाडीजवळ थांबेन.

तेव्हा गप्प बसलेली,
तुझी बहीण
रंजू