पट्टीवरचं लाल बोट

६ एप्रिल २००१, शुक्र.
दुपारी मांगीलाल शेठच्या घरून फोन. कंप्युटर चालू होतो, आत पंखा फिरतो, पडद्यावर काहीच न्हाई. बंडूदादा भर उन्हात रिपेरीचं दुकान सोडत न्हाई, मला पिटाळलं. चुलतभाऊ असला तरी मालक तो मालकच.
शेठच्या आडतीचा सगळा हिशेब आता वहीतून कंप्युटरात गेलाय. बाहेरच्या खोलीत ठेवलाय. उकाड्यापायी पवननं, म्हणजे थोरल्या पोरानं, डब्ब्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावलाय. बटण दाबलं. लांब बीप, परत लांब बीप. मॉनिटर काळा तो काळाच. बघतो तर रॅमची पट्टी खाचेतून उचकटलेली. काढली, खोडरबरानं तिचे पाय घासले, दाबून बसवली. डिस्प्ले आला.
"कशानं झालं?" शेठची पोरगी ममता दारात उभी. कॉलेजच्या पेपराआधीची सुट्टी लागलीय तिला.
म्हणलं, ही हिरवी पट्टी जराशी हलली की पडदा काळा.
"इतकी नाजूक?"
एवढंच बोलणं. घरी येऊन भाकरी गेली न्हाई.
पट्टीच्या कोपऱ्यात लाल बोट उमटलेलं होतं. तेव्हा ध्यानात आलं न्हाई, आता येऊन राह्यलंय.

१३ एप्रिल, शुक्र.
परत फोन. परत तीच पट्टी, तसंच लाल बोट. हुंगून पाहिलं. कुंकू. बिलकुल कुंकू.
शेठ आडतीवर, पवन बाहेर, शेठाणी, म्हणजे काकीजी, आत स्वयंपाकात. मंग बाहेरच्या खोलीत कोण उरतं? कोणती पट्टी हलवायची हे ह्या घरात मी एकीलाच सांगितलंय.
कुंकू. पोरगी आणखी काय बोलणार?
पाणी दिलं तिनं. बोट पुसलेला रुमाल खिशात आहे, धुणार न्हाई.
दादा म्हणतो, "गज्या, रॅम आपोआप हलत नसती. त्या घरात कोणीतरी हात लावतंय."
माहितीय मला कोण.

१५ एप्रिल
पानटपरीवर पवन भेटला, चारचौघात.
"क्या इंजिनिअर! कॉलेजातून कशानं काढलं रे तुला?"
"काढलं न्हाई. सोडलं."
"मास्तराच्या कॉलरला हात घातल्ता म्हणे. आमच्या घरी हात जपून घाल बाबा. बारीक सामान आहे."
सगळे हसले. मी उठलोच होतो, सोबतच्या दादानं दंड धरला. ममताचा भाऊ म्हणून पवनला सोडला.
पण हे बोलला कशावरून? काही कळलंय का त्याला?

२० एप्रिल, शुक्र.
फोन येणार हे सकाळपासून माहीत होतं. आला.
पट्टी बसवली, डिस्प्ले आला. मंग तिच्यासाठी बाजारातून घेतलेले झुमके खिशातून काढले. पितळेचेच, पण घडण चांगली. आतल्या वायरच्या जुडग्याला दोन्ही अडकवले, पट्टीच्या बराबर वर. पट्टी हलवायला तिचा हात जाईल तेव्हा दिसतीलच. दुसऱ्या कोणाला दिसायचं कारण न्हाई.
धातूची वस्तू आत ठेवू नये, हे दादानं पहिल्याच दिवशी शिकवल्तं. पक्के अडकवलेत.

२२ एप्रिल
बसस्टँडवर समोरून गेली. पाहिलं न्हाई. मैत्रीण सोबत होती म्हणून. कान बघितले, रोजचंच होतं.

२४ एप्रिल
पवन दुकानात, प्रिंटरची शाईची रिबन घ्यायला. आज हसून बोलत होता, त्याचंच भ्या वाटलं. रविवारी बीडचे पाहुणे येणारेत, ममताला बघायला. "पाहुण्यांसमोर उघडा डब्बा बरा दिसत न्हाई. झाकण बसवून स्क्रू टाईट केले."
आत डोकावला असेल का? डोकावला असता तर इथं हसत उभा राहिला असता का? का म्हणूनच हसत होता?
दादाला म्हणलं, बीडच्या नवरदेवाला स्टँडवरच बघून घेतो.
"घे. मंग मी तुला दवाखान्यात बघून घेतो. गप बस."

२७ एप्रिल, शुक्र.
फोन आला न्हाई.
भाजीबाजारात काकीजी दिसल्या. आपणहून हाक मारली.
"गजू बेटा, बरं झालं भेटला. पवननं डब्बा बंद करून टाकला, आता मी पूजा कशी करू?"
कशाची पूजा?
"दर शुक्रवारी लक्ष्मीची. आधी वहीला कुंकू लावायची. आता हिशेब आत आहे ना, तर आत त्या हिरव्या पट्टीला बोट टेकवती. मशीन बंद असला तरच हां. चालू असला की करंट मारतो." आणि हसल्या.
कशी टेकवता, विचारलं. करंगळीशेजारचं बोट पुढं करून हवेत दाबून दाखवलं. चांगलं जोरात.
कुंकू त्यांचं. बोट त्यांचं. ममतानं त्या डब्ब्याला कधी हात सुद्धा लावला नसेल.
आणि झुमके आत. स्क्रू मारून.

२८ एप्रिल
सकाळी गेलो. म्हणलं, फुकट सर्व्हिसिंग करून देतो, धूळ काढतो.
पवन दारातच. "पाहुणे गेल्यावर."
दार लावून घेतलं.
कोणाच्या हाती लागले तर तिलाच विचारतील. मला कोण विचारतंय. परीक्षा, कॉलेज, सगळं बंद करतील तिचं. आणि तिला माहीतच नसणार की

२९ एप्रिल, रवि.
पवन स्कूटरवर डब्बा घेऊन आला. पाहुण्यांना हिशेबाचं दाखवायला कंप्युटर सुरू केला, डब्बा सरकवला, आत चटकन आवाज झाला म्हणे, आणि करपट वास. आता पडदा न्हाई, बीप न्हाई, पंखा सुद्धा न्हाई.
"उघड. माझ्यासमोर."
दादा म्हणे मी उघडतो. पवन म्हणला, "न्हाई. ह्यालाच उघडू दे."
स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला. झाकण निघालं. बोर्डावर आडवा पडलेला एक झुमका. काळा. खाली बोर्ड जळालेला.
पवननं तो उचलला, चिमटीत धरून उन्हात फिरवून पाहिला. ओरडला न्हाई. ओरडला असता तर मला जमलं असतं काहीतरी.
"बहिणीचा न्हाई हा," म्हणला. "तिचे सगळे मीच आणून देतो."
मंग माझ्याकडं बघून राह्यला.
"जोडी असती ना रे? दुसरा कुठंय?"
डब्बा उलटा केला, हलवला, हात घालून चाचपलं. खरंच न्हाई.
झुमका वरच्या खिशात टाकला. "घरी बघतो," म्हणला, आणि गेला.
दुसरा तिनं घेतला असेल का? झाकण लागायच्या आधी? आठवडाभर हेच मागत होतो देवाला. आता म्हणतो उंदरानं नेला असू दे, काकीजीच्या हाती लागला असू दे, कोणाच्याही, फक्त तिच्या पेटीत नको. आणि असं म्हणताना सुद्धा मनात
दादानं शटर अर्धं ओढलंय. म्हणतो, मागून निघ, आष्टीला मामाकडं जा.
पवनची स्कूटर त्यांच्या गल्लीत वळली. मी अजून इथंच आहे. तिकडून आवाज येतोय का